गुपित कोणापासून राखावे

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

गणेशोत्सवातील कार्यक्रमात हातात बेड्या घालून, कुलूपबंद काचेच्या टाकीतून सुटून दाखवण्याचा तुझा बेत पत्रातून कळला. तुझ्या हातांची तयारी मी पाहिलेली आहे, त्यामुळे ‘करू नकोस’ असे एका ओळीत लिहून मी मोकळा होणार नाही. मात्र कुलपे, किल्ल्या आणि बेड्या यांच्याविषयी तू पानेच्या पाने लिहिलीस आणि टाकीबाहेर कोण उभे राहणार याविषयी एक शब्दही लिहिला नाहीस, याची मला फार काळजी वाटते.

आपल्या कलेचा जीव गुपितात असतो, आणि जादूगाराच्या जिवावर बेतते तेही बहुधा गुपितापायीच. प्रेक्षकांपासून युक्ती लपवायची सवय एकदा अंगवळणी पडली की आपण ती सोबत्यांपासूनही लपवू लागतो. मग जो माणूस आपल्याला वाचवू शकला असता, त्यालाच काय बिघडले आहे हे कळत नाही. 16 जून 2019 रोजी ‘मँड्रेक’ या नावाने ओळखले जाणारे जादूगार चंचल लाहिरी यांना कोलकात्यात हावडा पुलाजवळ साखळ्या आणि दोरखंडांनी बांधून हुगळी नदीत सोडण्यात आले, आणि ते वर आलेच नाहीत. मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला. ते नवखे नव्हते, पाण्यातील सुटकेचा प्रयोग त्यांनी पूर्वीही केलेला होता. गढूळ, वाहत्या पाण्यात माणूस एकदा दिसेनासा झाला की आत काय चालले आहे हे काठावरच्या कोणालाही सांगता येत नाही, आणि प्रेक्षक तर होणारा उशीर हा प्रयोगाचाच भाग समजून श्वास रोखून पाहत राहतात. नदी, विहीर किंवा तलाव यांचा विचार तू सोडून दिलास हे उत्तम केलेस.

आता टाकीविषयी. हॅरी हुडिनी यांनी 1912 मध्ये बर्लिन येथे पाण्याच्या पेटीतून सुटकेचा प्रयोग रंगमंचावर आणला. पाय अडकवून उलटे टांगलेले हुडिनी पेटीत उतरत, आणि पडदा ओढल्यावर बाहेर त्यांचा साहाय्यक कुऱ्हाड घेऊन उभा राहत असे. ती कुऱ्हाड पाहून प्रेक्षकांच्या अंगावर काटा येई, पण वेळ पडली तर काच फोडण्यासाठीच ती तेथे होती. तुझ्या टाकीबाहेरही असाच एक माणूस हवा, आणि त्याला संपूर्ण युक्ती ठाऊक हवी: कोणते कुलूप खोटे, किल्ली कोठे, कोणत्या सेकंदाला तुझा कोणता हात सुटलेला असला पाहिजे, सारे काही. त्याच्या हातात घड्याळ असावे. ठरलेली वेळ उलटली की तुझी खूण येवो अथवा न येवो, त्याने झाकण उघडावे. हा निर्णय त्याचा असावा, तुझा नव्हे. तुझ्या मुक्या हातवाऱ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण धडपडण्याचा अभिनय तू करणारच आहेस आणि खरी धडपडही अगदी तशीच दिसते. शिवाय त्याने वापरायचा मार्ग तुझ्या युक्तीवर अवलंबून असता कामा नये. ज्या खिळीतून तू सुटणार आहेस, तीच अडकली तर तिच्याच भरवशावर असलेला बचाव कशाला उपयोगी पडणार? झाकणाला बाहेरून एका हिसक्यात निघणारा वेगळा खटका बसव आणि तळाशी पाणी झपाट्याने वाहून जाईल असे मोठे तोंड ठेव.

आणखी एक गोष्ट आहे, जी पोहणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसते. पाण्यात उतरण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतल्याने दम अधिक टिकतो असे तुला कोणी सांगितले असेल, तर ते विसरून जा. श्वास घेण्याची तळमळ मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. भराभर श्वास घेऊन तो वायू आपण आधीच बाहेर टाकला, तर तळमळ उशिरा होते, पण ऑक्सिजन मात्र आपल्या गतीने संपतच राहतो, आणि माणूस कसलीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. म्हणून दम धरण्याचा सरावसुद्धा एकट्याने करू नकोस, घरातल्या पाण्याच्या पिंपातही नाही.

साहित्याच्या तपासणीविषयी तुझ्या पत्रात आत्मविश्वास दिसतो, म्हणून चुंग लिंग सू यांची हकिकत लिहितो. हे मूळचे अमेरिकी जादूगार, विल्यम रॉबिन्सन, चिनी जादूगार म्हणून रंगमंचावर वावरत असत. बंदुकीची गोळी पकडण्याच्या त्यांच्या प्रयोगात खरी गोळी नळीत भरली जाई, पण बार उडे तो नळीखालच्या, दारू ठासायच्या गजाच्या पोकळीतून, आणि गोळी जागीच राही. कित्येक वर्षे हे निर्धोक चालले. दरम्यान आतले भाग झिजत गेले आणि बारीक दारू झिरपून दोन्ही कप्प्यांमध्ये वाट तयार झाली. 23 मार्च 1918 च्या रात्री लंडनमधील वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात खरी गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. काल चालले म्हणून आज चालेल, या समजुतीत साहित्याची झीज दिसत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगापूर्वी बिजागरे, खिळ्या, साखळीचा प्रत्येक दुवा आणि काचेच्या कडा तपासल्या जाव्यात, आणि हे काम साहित्य ज्याने मांडले त्याने न करता दुसऱ्याने करावे. स्वतःच्या हाताने मांडलेल्या वस्तूकडे पाहताना आपला डोळा गाफील असतो.

उलट्या ठेवलेल्या पेल्यांपैकी एकाखाली खिळा लपवून बाकीच्यांवर हात आपटण्याचा प्रयोगही तुला करायचा आहे. तो खऱ्या खिळ्याने करू नकोस, एवढेच माझे मत आहे. 2016 मध्ये पोलंडमधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात अशाच प्रयोगात सूत्रसंचालिकेच्या तळहातात खिळा घुसला. जेथे सारी सुरक्षितता आपल्या स्मरणावर आणि एखाद्या बारीक खुणेवर उभी असते, तेथे एक क्षणाची विस्मृती पुरते, आणि तीही दुसऱ्याच्या हाताला भोवते. भीती निर्माण करण्यासाठी खऱ्या धोक्याची गरज नसते, हे जादूगार पी. सी. सरकार यांनी 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीवर दाखवून दिले. करवतीने मुलगी कापण्याचा त्यांचा प्रयोग संपताच कार्यक्रम अचानक आटोपला, आणि मुलगी खरोखरच मेली असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनींचा भडिमार केला. तिला साधा ओरखडाही उठलेला नव्हता.

आगीचे प्रयोग सध्या बाजूला ठेव. तोंडातून ज्वाळा काढण्याच्या प्रयोगात रॉकेलसारखे द्रव फुप्फुसांत उतरून गंभीर न्यूमोनिया होतो, आणि पेट्रोलची वाफ तर थंडीतही पेट घेते. जिभेवर कापूर जाळून दाखवण्याचा आग्रह मंडळे करतीलच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रात्यक्षिक दाखवतात ते त्यामागचे कारण समजावून देण्यासाठी, आणि तो हेतू मला आदरणीय वाटतो. पण समोर लहान मुले बसलेली असतील तर तू ते टाळ. मुले घरी जाऊन नक्कल करतात, आणि कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात. मंडळाला नाही म्हणणे जड जाईल, तरी म्हण.

आता मला तीन गोष्टी कळव: टाकीचे आरेखन मोजमापांसह, झाकणाचा बाहेरचा खटका कसा बसवणार याचा तपशील, आणि घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या तुझ्या साहाय्यकाचे नाव. त्याला माझ्याशी बोलायला सांग. तोवर रोज कोरड्या टाकीत, त्याच्या समोर, घड्याळ लावून सराव कर आणि प्रत्येक वेळी किती सेकंद लागले ते त्यालाच लिहून ठेवू दे. पाणी भरण्याचा दिवस आपण तो आकडा पाहून ठरवू, आणि उत्सवापूर्वी तो दिवस आला नाही तर कार्यक्रमात तू दोरीच्या गाठींतून सुटण्याचा तुझा जुना प्रयोग कर.

तुझा हितचिंतक