वाचकांचे प्रश्न : मोबाइल काढून घेतला की मुलगा चवताळतो, ही गेमची हिंसाच ना?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. रोज संध्याकाळी बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) खेळतो. परवा जेवायला चार हाका मारल्या, उठेना. मोबाइल हिसकावला तर किंचाळला, उशी फेकली. शेजारी म्हणतात, गोळीबाराच्या गेममुळेच पोरं मारकुटी होतात, पबजीवर बंदी काय उगाच आली?
— एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी बंदीचं निकालात काढू. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीसह ११८ ॲपवर बंदी आली ती माहितीची सुरक्षा आणि देशाचं सार्वभौमत्व या मुद्द्यांवर. मारामारीचं कारण त्यात नव्हतंच.

गेम आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांत कार्यकारण संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० च्या ठरावात म्हटलं आहे. मात्र आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी थोडासा संबंध त्याच ठरावात मान्य केलाय. तेव्हा ‘काहीच होत नाही’ असंही आम्ही म्हणणार नाही.

आता ती उशी. क्लासिक मॅचमध्ये शंभर खेळाडू उतरतात, ती पंचवीस-तीस मिनिटं चालते आणि मध्येच थांबवायची सोय नसते. मोबाइल हिसकावला की त्याचा खेळाडू मैदानात नुसता उभा राहतो, मारला जातो, चौघांच्या टीममध्ये तिघेच उरतात, रँकचे गुणही जातात. शेवटच्या दहा मिनिटांत खेळायच्या सुरक्षित जागेचं वर्तुळ आवळत जातं, आणि आपली हाक नेमकी तेव्हाच जाते! वेळ मिनिटांत बांधलीत तर भांडण ठरलेलं, मॅचमध्ये बांधा. सुरू करतानाच विचारा, ‘क्लासिक की टीडीएम?’ टीडीएम म्हणजे टीम डेथमॅच, दोन टीमची छोटी लढत. ती फार तर दहा मिनिटांची, एका बाजूने चाळीस मारले की त्याआधीच संपते. साडेआठला जेवण असेल तर आठनंतर नवी क्लासिक नाही, हे आधी ठरवा. मॅच संपल्यावरही त्याने पुन्हा ‘स्टार्ट’ दाबलं, तर मात्र खुशाल रागवा.

आमच्या मते गोळ्यांपेक्षा कान द्यावा तो आवाजाकडे. शिवीगाळ बहुतेक अनोळखी खेळाडूंच्या माइकवरून शिकली जाते. खेळताना नकाशाजवळ स्पीकर आणि माइकच्या खुणा असतात. दोन्ही ‘ऑल’वर नकोत, ‘टीम’वर ठेवा. ऑटो मॅचिंग (अनोळखी खेळाडू आपोआप टीममध्ये घेणं) बंद करून वर्गातल्या मित्रांचीच टीम करू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्याची लक्षणं अशी : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ ठरणं, नुकसान दिसत असूनही सुरूच ठेवणं, आणि हे साधारण बारा महिने. नुसता राग त्यात येत नाही. गेम नसतानाही मुलगा हात उचलत असेल, तर शाळेत कुणी छळतंय का, झोप पुरते का, हे आधी बघा.

प्रश्न : सात वर्षांचा नातू माझ्या मोबाइलवर बंदुकीचे गेम टाकून घेतो. चालेल?
— एक आजोबा, पंचवटी

उत्तर : नाही. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ यांपैकी वयाचा आकडा असतो, तोच पाळा. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर दाबून सेटिंग्ज, फॅमिली, पेरेंटल कंट्रोल्स इथे जा, पिन टाकून ७+ निवडा. आधी डाउनलोड झालेले गेम मात्र हातानेच काढावे लागतील. पिन नातवाच्या जन्मतारखेचा नको. तो पहिल्यांदा तोच टाकून बघेल.