तो बिस्किटाकडे बघत होता

प्रिय,

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या शिकवणीवरचा तुझा प्रस्ताव वाचला. चौथ्या पानावर लाल पेन्सिलची खूण दिसेल, ती रागाची नाही. 'मुख्य मोजमाप : नजरेला नजर देण्यात वाढ, हात फडफडवण्यात घट' असं तू लिहिलं आहेस. नमुना, मुदत, खर्च यांवर नंतर बोलू. आधी ही ओळ.

हीच ओळ मी माझ्या पहिल्या प्रकल्पात लिहिली होती. चार वर्षांचा मुलगा होता. मी हाक मारायची, त्याने वर बघितलं की तक्त्यावर फुली नि हातात बिस्किटाचा तुकडा. तुकडा आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरायचा, अशी आमची तेव्हाची रीत. तीन महिन्यांत आलेख असा चढला की मी हरखून गेले. मग त्याची आई एकदा संकोचत म्हणाली, "मॅडम, तो तुमच्याकडे नाही बघत. बिस्किटाकडे बघतो." टेप पुन्हा लावली. बाई बरोबर होती. तो तक्ता मी अजून जपून ठेवलाय.

ही रीत कुठून आली ते तुला ठाऊक हवं. लॉस एंजलिसमध्ये इव्हार लोवास यांनी 1987 साली निष्कर्ष छापले : आठवड्याला 40 तास, दोन वर्षं किंवा जास्त, एकास एक शिकवणी, 19 पैकी 9 मुलं बुद्ध्यंक आणि शाळा या दोन्हींत इतर मुलांच्या बरोबरीला आली. हे 47 टक्के मी कितीतरी पालकांच्या तोंडून ऐकलेत, कोणीतरी त्यांना ते आशेसारखे विकलेले असतात. मात्र कुठलं मूल या शिकवणीच्या गटात आणि कुठलं तुलनेच्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, शिकवणारे उपलब्ध आहेत का यावर ठरलं होतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. जोराने 'नो' म्हणणं आणि प्रसंगी मांडीवर चापट, हेही त्या पद्धतीत होतं, तेही नाही. 2000 साली ट्रिस्ट्रम स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 28 मुलांची वाटणी चिठ्ठीने केली, तेव्हा फायदा दिसला, पण बराच माफक. असल्या शिकवणीतून गेलेली मुलं आता मोठी झाली आहेत, स्वतः लिहू-बोलू लागली आहेत. त्यांतले पुष्कळ जण म्हणतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लावलं की तो काय बोलतोय तेच कळेनासं होतं. आणि हात फडफडवले की जिवाला बरं वाटतं. मग आपण नक्की कोणाच्या सोयीचं मोजतोय?

आता दुसरा अभ्यास, आपल्या शेजारचा. गोव्यात संगाथ संस्था आणि पाकिस्तानात रावळपिंडी, दोन्ही मिळून 2 ते 9 वयाची 65 मुलं. निष्कर्ष 2016 मध्ये आले. मूळ पद्धत ब्रिटनची, तिथे ती स्पीच थेरपिस्ट वापरत. इथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी ती राबवली. पालक मुलाशी खेळतात, त्याची चित्रफीत काढतात, मग पालक आणि कार्यकर्ता बसून ती बघतात : इथे तुम्ही थांबलात, बघा, त्याने स्वतःहून गाडी पुढे केली. मुलाला काही करायला लावायचं नाही. मोठ्या माणसाने घाई सोडायची. चित्रफिती तपासणाऱ्यांना कोणतं घर कुठल्या गटातलं ते माहीत नव्हतं. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला, मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. आणि दोघांनी एकाच गोष्टीत मिळून रमण्याचा वेळ? तो कमी झाला. हा अडचणीचा आकडा त्यांनी गोषवाऱ्यातच छापलाय. मला त्या निबंधातलं हेच सगळ्यात आवडतं.

तुझ्या प्रस्तावात तपासनीस तूच, शिकवणारीही तूच. हे चालणार नाही. फुल्या मारणारा माणूस वेगळा हवा, आणि पहिली टेप कुठली, शेवटची कुठली, हेही त्याला कळता कामा नये. दुसरं, नियंत्रण गटातल्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, पालकांना सहा महिन्यांनंतर काय देणार, ते लिही. "प्रतीक्षा यादी" एवढं म्हणून भागत नाही. तीन वर्षांच्या मुलाचे सहा महिने असतात ते. आणि घरी आजी असतेच हे धरून चाल. कॅमेरा सुरू झाला की ती हमखास मध्ये येऊन "मावशीला नमस्कार कर" म्हणते. तिला बाहेर काढू नकोस. मुलाशी दिवसभर खेळणारी अनेकदा तीच असते, कदाचित प्रशिक्षण तिलाच द्यावं लागेल.

त्या ओळीच्या जागी काय यावं ते मी सांगणार नाही. आधी पाच घरांत जाऊन जमिनीवर बसून ये, वही बंद ठेवून. काय बदललं तर दिवस सोपा जाईल, एवढंच विचार. मला एका आईने सांगितलं होतं, "पोट दुखतंय, एवढं त्याला सांगता आलं तरी पुरे." हे मोजता येतं, बरं का. आपण फक्त मोजलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी ये. लॅपटॉप आण, माझ्याकडचा टेप बघायचा डबा बंद पडलाय.

तुझी,
मॅडम