मॅनेजरपद सोडून पुन्हा कोड लिहायचाय

प्रश्न: माझा मुलगा पुण्यात एका मोठ्या आयटी सर्व्हिसेस कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. वय 38, हाताखाली 40 माणसं. आता म्हणतो, मॅनेजरी नको, पुन्हा कोड लिहायचाय, दुसरीकडे इंजिनिअर म्हणून जातो. मी पाटबंधारे खात्यात हिशोबाच्या टेबलावर 33 वर्षं काढली, एकदाही खालच्या पदावर आलो नाही. फ्लॅटचं कर्ज आहे, त्यात मी 6 लाख घातलेत. सूनही त्याच्याच बाजूनं बोलते. पाहुण्यांत काय सांगायचं? एमबीए करायला लावावं का? दहावीपासूनच्या गुणपत्रिका जोडल्या आहेत. कृपया त्याला समजवा.
— एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर: गुणपत्रिका पाहिल्या. दहावी, बारावी, इंजिनिअरिंगची आठही सत्रं. गुण छान आहेत. पण 40 जणांचं अ‍ॅप्रेझल ज्याच्या हातात आहे, त्याच्या भूमितीच्या मार्कांवरून मी काय ठरवू?

मुलाचा निर्णय वाचून मी फारसा दचकलो नाही. दचकलो ते तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवर. ‘त्यात मी 6 लाख घातलेत’ हे पहिलं. मुलानं घर घेताना आईवडील हातभार लावतात, आपल्याकडे ती रीतच आहे. पण त्या पैशांबरोबर त्याच्या नोकरीत बोलण्याचा हक्कही येतो असं तुमच्या मनात असेल, तर ते पैसे देतानाच सांगायला हवं होतं. त्यानं बँकेकडून थोडं जास्त कर्ज काढलं असतं. दुसरं वाक्य सुनेचं. ती नवऱ्याच्या बाजूनं बोलते, ही तक्रार कशी होते? परदेशातल्या क्लायंटचे कॉल आटपून उशिरा जेवायला बसणारा माणूस रोज तिच्यासमोर असणार. तुम्हाला भेटतो तो दिवाळीला पेढे घेऊन आलेला डिलिव्हरी मॅनेजर. तिचं मत माझ्या दृष्टीनं तुमच्या आणि माझ्याही मतापेक्षा वजनदार आहे.

आता ‘खालचं पद’. तुमची भीती कुठून येते ते मला कळतं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये खालच्या पदावर आणणं ही मोठ्या शिक्षांपैकी एक आहे. तुमच्या कार्यालयात कुणावर ती वेळ आली असेल तर साऱ्या टेबलांवर कुजबुज झाली असेल. पण सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच कंपन्यांत दोन शिड्या असतात: एक माणसं सांभाळणाऱ्यांची, दुसरी तंत्र सांभाळणाऱ्यांची. दुसऱ्या शिडीवर सीनियर, स्टाफ, प्रिन्सिपल अशा पायऱ्या असतात आणि स्टाफ इंजिनिअरचा पगार मॅनेजरच्या बरोबरीचा असू शकतो. आयबीएमनं पहिले ‘फेलो’, म्हणजे तांत्रिक शिडीच्या टोकाचे लोक, नेमले 1963 साली, म्हणजे ही कल्पना तुमच्या मुलाहून बरीच जुनी. राजस्थानातल्या कोटा शहरात लहानाचे मोठे झालेले संजय घेमावत गूगलमध्ये सीनियर फेलो आहेत, तिथल्या तांत्रिक शिडीची ती सर्वात वरची पायरी, आणि त्यांचं नाव आहे ते लिहिलेल्या कोडमुळे. सर्व्हिसेस कंपन्यांत मात्र ही दुसरी शिडी अरुंद असते. तिथे क्लायंटला माणसांच्या तासांचं बिल लागतं, म्हणून वर जायचं तर माणसं सांभाळावी लागतात. नऊ-दहा वर्षांत चांगला प्रोग्रॅमर एक्सेल, टाइमशीट आणि एस्कलेशनच्या, म्हणजे वरपर्यंत गेलेल्या तक्रारींच्या, मेलमध्ये बुडतो, आणि घरचे त्याला प्रगती म्हणतात.

पाहुण्यांचा प्रश्न तसा सोपा आहे. मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, एवढं सांगा. डिलिव्हरी मॅनेजर काय करतो हे त्यांना आधी तरी कुठे ठाऊक होतं?

आणि ज्या खुर्चीला तुम्ही पक्की समजता तिची अवस्था बघा. फेसबुकवाल्या मेटानं 2023 मध्ये मधले थर कमी करताना अनेक मॅनेजरांना पुन्हा प्रत्यक्ष कामावर जायला सांगितलं. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं सुमारे 12,000 जणांची कपात जाहीर केली, ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली होती. कोड लिहिणारेही सुरक्षित नाहीत, एआयची साधनं आता बराच कोड लिहून देतात. पण तो कोड चूक की बरोबर, रात्री दोन वाजता सिस्टिम का पडली, हे सांगणारा माणूस लागतोच. नुसते स्टेटस कॉल घेणाऱ्याची गरज आधी संपेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

एमबीए: नको. ज्या कामातून तो बाहेर पडू पाहतोय त्याचीच ती आणखी एक पदवी.

तेव्हा मी त्याला समजावणार नाही. त्याला यायचं असेल तर त्यानं स्वतः यावं, आणि आला तर मी त्याचेही लाड करणार नाही. पहिला प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत स्वतःच्या हातानं काय बनवलंस? एखादं छोटं अ‍ॅप, ओपन सोर्समधली (सर्वांना खुल्या असलेल्या कोडमधली) एखादी दुरुस्ती, ऑफिसच्या रिपोर्टसाठी लिहिलेली स्क्रिप्टसुद्धा चालेल. काहीच नसेल तर त्याला कोडची ओढ नाही, क्लायंटचा कंटाळा आलाय, आणि त्यावर टीम किंवा प्रोजेक्ट बदलणं हा स्वस्त उपाय आहे. दुसरं, सीनियर इंजिनिअरच्याही मीटिंगा सुटत नाहीत. डिझाइन डॉक्युमेंट लिहायची, दुसऱ्यांचा कोड तपासायचा, नव्यांना शिकवायचं, यात निम्मा दिवस जाऊ शकतो. तिसरं, मुलाखतीत डेटा स्ट्रक्चर आणि सिस्टिम डिझाइनच्या फेऱ्या असतील आणि समोर कदाचित त्याच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी बसलेली असेल. 40 जणांचा साहेब असल्याची सवय त्या तासाभरासाठी बाहेर ठेवता येत नसेल, तर त्यानं तयारीच करू नये.

ऑफर हातात येण्याआधी राजीनामा देऊ नये. नोटीस पीरियड बहुधा 90 दिवसांचा असेल, तो नव्या कंपनीशी आधीच बोलून घ्यावा. स्टार्टअपनं पगार कमी करून ईसॉप (कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) पुढे केले, तर ते आज शून्य धरून हिशोब करावा. पगार थोडा खाली येऊ शकतो, हे मी लपवत नाही. हप्ता किती, सुनेचा पगार किती, घरखर्च किती महिने निघेल, हे त्या दोघांनी कागदावर मांडायचं आहे. त्यांनी बोलावलं तर जरूर जा. हिशोबाच्या टेबलावर 33 वर्षं काढलेला माणूस तिथे कामाला येईल. न बोलावता जाऊ नका.