रेकॉर्डर जरा बॅगेतच राहू दे

अगं, तुझ्या कला-प्रोजेक्टचा प्लॅन वाचला आणि विषय एकदम पटला. वरळीच्या बीडीडी चाळीतून पुनर्विकासाच्या टॉवरमध्ये गेलेल्या बायका, त्यांची ओळख, त्यांचं मन. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेल्याचा आनंद खराच आहे, तो अजिबात कमी लेखू नकोस, पण चाळीत पॅसेजमध्ये दिवसभर दारं उघडी असायची, कुणाला बरं नाही हे शेजारणीला न सांगता कळायचं, आता लॅच ओढलं की आत कोण एकटं बसलंय ते कसं कळणार, हे कुणीतरी विचारायलाच हवं.

फक्त एक सांगते, साऊंड, व्हिडिओ, गोधडी, परफॉर्मन्स सगळं एकदम नको. गोधडीपासून सुरू कर असं माझं स्पष्ट मत. धावदोरा घालताना बाई खाली बघत बोलते, नको वाटलं की सुईत दोरा ओवत बसते, गप्प राहायची सोय असते तिला, कॅमेऱ्यासमोर ती सोय नसते. म्हणून पहिले काही आठवडे नुसती जाऊन बस, चहा पी, टाके घाल.

नवज्योत अल्ताफ यांचं बस्तरमधलं काम नीट बघ. जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, मुंबईच्या कलाकार, पण कोंडागावच्या आदिवासी कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, हातपंपांचे परिसर सगळ्यांनी मिळून घडवले, म्हणजे बायका रोज पाणी भरतात तीच जागा कलाकृती झाली. तुझ्या गोधडीवरही शिवणाऱ्या प्रत्येकीचं नाव हवं (तिला चालत असेल तर), आणि बजेटमध्ये त्यांचं मानधन आधी लिही, उरलं तर देऊ असं नको.

परवानगीचं पण एकदा सही घेतली की संपलं असं नसतं. एडिट झाल्यावर तिला ऐकव आणि ती म्हणाली हे काढ तर काढायचं, तुझा सगळ्यात भारी तुकडा असला तरी. कुणी बोलता बोलता कोसळलं तर तू समुपदेशक नाहीस हे लक्षात ठेव, सुरुवातीपासूनच एखादी समुपदेशक जोडून घे आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांकडे असू दे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता तुझं. आईचं आजारपण यात आणायचंय म्हणतेस आणि त्याच पानावर झोप लागत नाही असंही लिहिलंयस. ते आत्ता काढू नकोस ना प्रेक्षकांसमोर. वेगळ्या वहीत लिही, स्वतःसाठी कुणाकडे तरी जा, प्रदर्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. आणि नोकरी सोडायची घाई कशाला, चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्टची प्रॅक्टिस करत इतकी वर्षं चित्रं काढत होतेच की.

पहिलं दाखवणं काळाघोड्याच्या गॅलऱ्यांत नको, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खाली हॉल असेल तर तिथे, दुपारी, कामं आटोपल्यावर. बजेट नव्याने मांडलंस की पाठव, मानधनाचा आकडा मी आधी बघणार आहे.