आईच्या प्रार्थनेने मी वाचलो, मग त्याच्या आईची प्रार्थना कमी पडली का?

समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सारखा येत असतो. आता देवावर पूर्वीसारखा विश्वास राहिलेला नाही, तरी घरचे प्रार्थनेला उभे राहिले की मलाही उभं राहावं लागतं, मग हे ढोंग नाही का? कुणी हे कॉलेजात असताना विचारतं, कुणी मोठ्या आजारपणानंतर, कुणी घरातलं माणूस गेल्यावर. पण सगळ्यात जड होऊन हा प्रश्न येतो तो लढाई बघून आलेल्या माणसाकडून, म्हणून त्यातल्याच एकाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय. तो कुठल्या आघाडीवर होता, कुठल्या धर्माचा, हे मुद्दाम लिहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने काही फरकही पडत नाही, कारण हेच बोलणं मी अगदी वेगवेगळ्या घरांतून ऐकलंय.

तो आला तो बायकोच्या आग्रहाने. तक्रार अशी की घरात कुणाशी धड बोलत नाही, प्रार्थना सुरू झाली की मध्येच उठून बाहेर जातो, त्यावरून आईचं आणि त्याचं रोज वाजतं. बायको म्हणाली, "मॅडम, सासूबाईंचं म्हणणं आहे की ह्यांच्या मनातला देव गेलाय, तो आधी परत आणा, बाकीचं आपोआप होईल." तो खाली मान घालून ऐकत होता, म्हणाला, "बरोबरच आहे त्यांचं. मी नास्तिक झालोय."

अशा वेळी मी देव आहे की नाही ह्या वादात पडतच नाही, तो माझा प्रांत नाही. मी विचारते की नेमकं होतं काय, उभं राहिल्यापासून बाहेर जाईपर्यंत, एकेक गोष्ट सांगा. त्याने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, सगळे देवासमोर तोंड करून उभे राहतात, दरवाजा पाठीमागे येतो, आई दिवा लावते आणि सगळे डोळे मिटतात. "मला डोळे मिटता येत नाहीत मॅडम. मिटले की पाठीमागे कोणीतरी आहे असं वाटतं. मग मी श्वास मोजतो, मग हात गार पडतात, मग मी निघतो." हे सांगताना सुद्धा तो माझ्याकडे अर्धवट बघत होता आणि अर्धं लक्ष खोलीच्या दाराकडे होतं.

आता बघा, हा माणूस कित्येक महिने ह्याला अश्रद्धा म्हणत होता, घरचेही तेच म्हणत होते, आणि हे तर शरीर अजून पहाऱ्यावर असल्याचं लक्षण आहे. जिथे डोळा मिटला तर जीव जाऊ शकतो अशा जागी राहून आलेल्या शरीराला आता धोका संपलाय हे लगेच कळत नाही. डोळे मिटून, दरवाज्याकडे पाठ करून, गर्दीत स्थिर उभं राहणं ही त्याच्यासाठी सगळ्यात अवघड गोष्ट होती आणि जगातल्या बहुतेक प्रार्थना नेमक्या तेच मागतात. मला ह्याचं फार वाईट वाटतं, की घाबरलेल्या शरीराला लोक उद्धट समजतात, आणि हे मी खूप घरांमध्ये बघितलंय.

म्हणून पहिली गोष्ट अगदी साधी केली. त्याने मागे भिंतीला टेकून उभं राहायचं, दरवाजा दिसेल असं, डोळे उघडे ठेवायचे, नजर दिव्यावर ठेवायची आणि नको झालं तर बायकोच्या हाताला हात लावून बाहेर जायचं, कुणी मागून हाक मारायची नाही. आईला हे आधी अपमान वाटला. पण निघून जाणं बरंच कमी झालं, आणि तेव्हा कुठे त्याला कळलं की आपला देवावरचा राग आणि आपली भीती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण राग होताच. तो मग बाहेर आला.

त्याचा एक सोबती होता. दोघांच्याही हेल्मेटच्या आत घरून दिलेला प्रार्थनेचा कागद घडी करून ठेवलेला. सोबती खरा भाविक, रोज न चुकता करणारा, हा आपला इतर करतात म्हणून करणारा. गेला तो सोबती. हा परत आला, आणि दारातच आई गळ्यात पडून म्हणाली, "माझ्या प्रार्थनेने तू परत आलास रे." त्या एका वाक्यापासून पुढचं सगळं सुरू झालं. त्याने मला विचारलं, "आईच्या प्रार्थनेने मी वाचलो, तर मग त्याच्या आईची प्रार्थना कमी पडली का? का त्या माउलीने करायला काही चुकवलं?" कागद अजून त्याच्याकडे होता, ड्रॉवरमध्ये. फेकवत नव्हता आणि हातातही धरवत नव्हता.

मी ह्याचं उत्तर दिलं नाही, आणि कुणी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. "देवाच्या मनात असतं ते होतं", "तुझं काहीतरी काम बाकी असेल म्हणून तू वाचलास", ही वाक्यं बोलणाऱ्याला हलकं करतात, ऐकणाऱ्याला नाही. तुझं काम बाकी होतं म्हणजे मेलेल्याचं काम संपलं होतं असाच अर्थ होतो ना, आणि जिवंत परत आलेल्या माणसाला हा अर्थ लगेच दिसतो. मी त्याला विचारलं, सोबती गेला त्या सकाळी तू स्वतः काय मागितलं होतंस? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला जगव, एवढंच. त्याचं नावच नाही घेतलं मी." बोच होती ती इथे. आपण स्वतःपुरतं मागितलं आणि ते मिळालं, जणू त्याच्या वाट्याचं उचललं, असं हा माणूस मनात घेऊन फिरत होता आणि रोज संध्याकाळी पुन्हा प्रार्थनेला उभं राहायचं म्हणजे त्याला गुन्ह्याच्या जागेवर उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे ह्यांनी 1990च्या दशकात मॉरल इंज्युरी, म्हणजे नैतिक जखम, ही कल्पना मांडली. लढाईत फक्त भीतीची जखम होत नाही, जे आपण योग्य मानत आलो ते मोडलं गेलं, आपल्या हातून किंवा आपल्या वरच्यांच्या हातून, तर त्याचीही जखम होते. नंतर इतरांनी त्यावर बरंच काम केलं. मला ह्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही वाटते, की ही जखम सदसद्विवेक शाबूत असलेल्यालाच होते. माझ्यासमोर बसलेल्या ह्या माणसाच्या शंका विश्वास मेल्याच्या खुणा नव्हत्या. उलट चांगलं-वाईट ह्याची चाड इतकी तीव्र होती की ती त्याला झोपू देत नव्हती.

दुसरी गोष्ट त्याने नंतर सांगितली, जरा चाचरत. एकदा लढाईत समोरच्यांचं ठाणं उडवल्यावर ह्यांनी देवाच्या नावाने जयघोष केला होता, हाही ओरडला होता सगळ्यांबरोबर. आणि रात्री शांत झाल्यावर समोरून प्रार्थनेचाच आवाज आला होता. "तेही मागतच होते ना मॅडम. मग देव कुणाचं ऐकत होता?"

मी त्याला लिंकनचं सांगितलं. 4 मार्च 1865, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलेलं, लाखो माणसं मेलेली, लिंकन दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना भाषण करतो. जिंकत आलेल्या बाजूचा नेता, देव आमच्या बाजूने होता असं म्हणायला त्याला कोण अडवणार होतं? पण तो साधारण असं म्हणाला की दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात, एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात, दोघांच्याही प्रार्थना पूर्ण होणं शक्य नव्हतं, आणि कुणाचीच पूर्णपणे झाली नाही. आणि पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बक्कलवर "देव आमच्यासोबत" असं कोरलेलं असायचं, समोरच्या खंदकातही पाद्री होतेच आणि प्रार्थनाही. तो म्हणाला, "म्हणजे हे मलाच नाही सुचलं." नाही बाबा, तुलाच नाही सुचलं. आणि ज्यांना सुचलं ते सगळे देव सोडून गेले असंही नाही, त्याच भाषणात लिंकन देवाबद्दलच बोलत राहतो.

मग तो दुसऱ्या टोकाला गेला, म्हणजे श्रद्धा ही फक्त माणसं मारायला तयार करण्याचं औषध आहे, बाकी काही नाही. हेही मला पटत नाही आणि मी तसं बोलले. श्रद्धा वापरून माणसाला मारायला तयार करता येतं हे खरंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण 23 एप्रिल 1930ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात काय झालं ते बघ. समोर निःशस्त्र पठाणांची गर्दी, त्यात खान अब्दुल गफार खानांचे खुदाई खिदमतगार, म्हणजे देवाचे सेवक, ज्यांनी देवाला साक्षी ठेवून अहिंसेची शपथ घेतलेली. गोळीबार झाला, माणसं पडली, तरी ते पुढे येत राहिले. आणि इंग्रजांच्या बाजूने उभे असलेल्या रॉयल गढवाल रायफल्सच्या जवानांनी, चंद्रसिंह गढवालींसकट, निःशस्त्रांवर गोळी चालवायला नकार दिला. जवान हिंदू, समोरचे मुसलमान. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. इथे श्रद्धेने हात पुढे केला नाही, आवरला. त्याला चंद्रसिंहांची गोष्ट माहीत नव्हती, ती त्याने दोनदा सांगायला लावली.

ह्यानंतर आईला बोलावलं, आणि माझ्या मते खरं काम त्या दिवशी झालं. मी त्यांना मावशी म्हणते. त्या तयारीनेच आल्या होत्या, मुलाला शहाणपण सांगायला. मी विचारलं, मावशी, तो तिकडे असताना तुम्ही प्रार्थना करायचात तेव्हा तुम्हाला खात्री असायची का, की हा येणार? त्या एकदम रडायलाच लागल्या. "कसली खात्री ताई. रात्री दोन-दोन वाजता उठून बसायचे. दुसरं काही हातातच नव्हतं माझ्या." मुलगा बघतच राहिला. त्याला वाटत होतं आईचा विश्वास दगडासारखा पक्का आणि आपणच कच्चे. आईची प्रार्थना भीतीतून आलेली होती आणि त्याचीही, दोघंही एकाच गोष्टीने घाबरलेले होते आणि वर्षभर एकमेकांशी श्रद्धेवरून भांडत होते.

मी त्यांना गांधारीची आठवण करून दिली. दुर्योधन युद्धाच्या दिवसांत आईकडे विजयाचा आशीर्वाद मागायला जायचा आणि ती म्हणायची, जिथे धर्म तिथे जय. पोटच्या मुलाला, समोर मरण दिसत असताना. आई असून तिने विजय मागितला नाही. मावशी म्हणाल्या, "मला नसतं जमलं." मी म्हटलं, जमायलाच पाहिजे असं नाही, पण "माझ्यामुळे तू वाचलास" हे वाक्य तुम्ही बोलायचं थांबवू शकता का? त्याला ते प्रेम वाटत नाही, कर्ज वाटतं. त्यांनी ते मान्य केलं, लगेच नाही, पण केलं.

मग काय ठरलं? त्याला कुणी "तू मानतोस का" विचारायचं नाही. जी ओळ म्हणताना जीभ अडते ती त्याने म्हणायची नाही, गप्प राहायचं, बाकीच्यांनी म्हणायची. आणि प्रार्थनेत रोज त्या सोबत्याचं नाव घ्यायचं, ही त्याची मागणी होती. पहिल्या दिवशी आईनेच मोठ्याने घेतलं. त्याचं म्हणणं होतं की समोरच्या बाजूला मेलेल्यांसाठीही एक क्षण असावा, त्याला आई तयार झाली नाही, अजूनही नाही. तो मनात घेतो. ह्यावर त्यांचं एकमत होईल असं मला वाटत नाही आणि व्हायलाच हवं असंही नाही.

आता ज्यांनी मला हा प्रश्न विचारलाय त्यांच्यासाठी. घरच्यांबरोबर उभं राहणं म्हणजे प्रत्येक शब्दावर सही करणं नव्हे. माणसं प्रार्थनेला का उभी राहतात त्याची कारणं खूप असतात, आठवण, सोबत, सवय, गेलेल्या माणसाशी राहिलेलं बोलणं, आणि ह्यातल्या कशालाही पक्की खात्री लागत नाही. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर 2007मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता, नुसता अंधार होता, आणि तरी त्या प्रार्थनाही करत राहिल्या आणि कामही. तुम्ही तसंच करा असं मी म्हणत नाहीये. कुणाला विचार करून दूर व्हावंसं वाटलं तर तेही प्रामाणिकपणाचंच आहे, मात्र ते घरच्यांना शांतपणे सांगा, ऐन प्रार्थनेच्या वेळी पाय आपटून नको. ढोंग तेव्हा होतं जेव्हा समोरच्याला फसवून काही मिळवायचं असतं. आईला बरं वाटावं म्हणून पाच मिनिटं शेजारी उभं राहणाऱ्याला मी ढोंगी म्हणणार नाही.

धर्मगुरूकडे जावं का, असंही विचारतात. जावं, पण आधी त्यांची एक परीक्षा घ्या, तुमची शंका ते शेवटपर्यंत ऐकून घेतात का बघा. ज्याने पहिल्या दोन मिनिटांत उपाय सांगितला त्याच्याकडे परत जाऊ नका.

आणि एक गोष्ट श्रद्धेच्या प्रश्नात मिसळू नका. रात्र रात्र झोप नाही, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं, दारू वाढलीय, किंवा प्रार्थना चुकली म्हणून काहीतरी भयंकर होईल ह्या धास्तीने तीच प्रार्थना परत परत करावी लागतेय, तर हे आस्तिक-नास्तिकाचं प्रकरण नाही, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, ह्यावर उपचार आहेत. आपण का वाचलो, नसतो वाचलो तर बरं झालं असतं असं कुणी एकदा जरी बोललं तरी त्याला त्या रात्री एकटं ठेवू नका, सरळ विचारा की मरणाचे विचार येतात का, आणि दुसऱ्या दिवशीची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.