शाळेत सर्व्हिस लर्निंग सुरू करायचं आहे, नियोजनासाठी साहित्य आणि नमुना तक्ते कुठे मिळतील?

सर्व्हिस लर्निंग, म्हणजे लोकांच्या खऱ्या गरजेचं काम करता करता अभ्यासक्रम शिकणं, याचे तक्ते ढिगानं मिळतील. पण बहुतेक तक्त्यांत पहिला रकाना असतो 'उपक्रमाचं नाव', आणि तो भरला की समोरच्या माणसाला काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं. मी स्वतः हे केलं आहे.

आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही एका वृद्धाश्रमात गेलो होतो. मुलांनी तीन आठवडे नाच आणि गाणी बसवली होती. कार्यक्रम चांगला झाला, टाळ्याही मिळाल्या. निघताना एका आजींनी माझ्या विद्यार्थिनीपुढे गोळ्यांची पट्टी धरली आणि विचारलं, "बाळ, ही सकाळची की रात्रीची, बघतेस का?" दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला म्हणाली, "बाई, मलाही ते नीट वाचता आलं नाही. आजी रोज काय करत असतील?"

पुढच्या भेटीत मुलं फक्त वही घेऊन गेली. काय वाचायला जड जातं, हे प्रत्येकाला विचारलं. गोळ्यांच्या वेळा, फोन नंबर, रिमोटवरची बटणं. मग मोठ्या अक्षरांतले तक्ते करायचं ठरलं. हातभर अंतरावरून केवढं अक्षर वाचता येतं हे मुलांनी तिथल्या आजी-आजोबांसोबत बसून मोजलं. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसतं, हा विज्ञानाचा धडा मला वेगळा शिकवावाच लागला नाही. 'जेवणानंतर' लिहायचं की 'जेवणानंतर अर्ध्या तासानं', यावर भाषेचा अख्खा तास गेला. इतक्या वर्षांत मी घेतलेला तो सगळ्यात चांगला तास.

मुख्याध्यापिकांनी ते थांबवलं. "याचे फोटो काय येणार? अहवालात काय दाखवायचं?" दुसऱ्या सत्रात पुन्हा नाच. उरलेले सात तक्ते अजून माझ्या कपाटात आहेत.

आता साहित्याचं. 'सर्व्हिस लर्निंग' हा शब्द १९६७ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे यांनी रूढ केला. सिग्मन यांनी १९७९ मध्ये तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं असं की ज्यांच्यासाठी सेवा करायची, त्या सेवेची सूत्रं त्यांच्याच हातात हवीत. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा. वाचायची दुसरी गोष्ट म्हणजे नॅशनल युथ लीडरशिप काउन्सिल या अमेरिकेतल्या संस्थेचे २००८ चे आठ निकष. अभ्यासक्रमाशी सांधा, नियोजनात मुलांचा आवाज, पुरेसा कालावधी हे सगळं त्यात आहे. या निकषांवर एका दिवसाची भेट टिकतच नाही, म्हणून शिक्षकांच्या बैठकीत ते फार कामाला येतात. तपास, तयारी, कृती, चिंतन आणि सादरीकरण हे पाच टप्पे बऱ्याच मार्गदर्शिकांत सापडतील. त्यातला 'तपास' वगळून थेट तयारीला लागू नका, आम्ही तेच केलं होतं. चिंतनासाठी वेगळं पुस्तक घेऊ नका. काय घडलं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय, हे तीन प्रश्न पुरतात. मात्र त्यासाठी वेळापत्रकात तास मागून घ्या. शाळा सुटल्यावर होणारं चिंतन मी कधी टिकलेलं पाहिलं नाही.

एक सांगायचं राहिलं. औषधांचं काम मुलांवर सोडायचं नसतं. आमचा प्रत्येक तक्ता तिथल्या नर्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघायच्या, आणि कोणाला कसली गोळी आहे हे बाहेर बोलायचं नाही असं मुलांना बजावलेलं होतं. मुख्याध्यापिकांनी जबाबदारीचा प्रश्न काढला असता तर तो रास्तच होता, मी उत्तरही दिलं असतं. त्यांनी फोटोंचा काढला. तुमच्या शाळेत वरचे लोक पाठीशी असतील तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

नसतील, तर तक्त्यातला पहिला रकाना खोडा आणि तिथे लिहा, 'कोणाला विचारलं, ते काय म्हणाले.' त्या पानावर संस्थेच्या प्रमुखांची आणि तुमच्या मुख्याध्यापकांची सही सत्र सुरू व्हायच्या आधीच घ्या. मधेच कोणी फोटो मागितले तर ते पान पुढे करा. माझ्याकडे तेव्हा तसं पान नव्हतं.