वाचकांचे प्रश्न : प्रॉक्सी घ्यावा तर कोणता?

प्रश्न : मांद्रे येथे आमचे सहा खोल्यांचे अतिथिगृह आहे. ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्यापूर्वी, इंग्लंडमधून आरक्षणाचे संकेतस्थळ पाहणाऱ्याला आमच्या खोल्यांचा दर किती दिसतो, हे मला तपासायचे आहे. त्यासाठी प्रॉक्सी लागतो असे कळले. परंतु डेटासेंटर, रेसिडेन्शियल, सॉक्स ही नावे ऐकून गोंधळलो आहे. कोणता घ्यावा? फुकटचा चालेल का?
– एक वाचक, पेडणे तालुका

उत्तर : प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने संकेतस्थळाकडून पान मागवणारा मधला संगणक. आपण ऐकलेली ही नावे एकाच जातीची नाहीत, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. डेटासेंटर आणि रेसिडेन्शियल ही नावे संकेतस्थळाला आपल्याऐवजी कोणाचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिसेल हे सांगतात, तर एचटीटीपी आणि सॉक्स ही आपला संगणक प्रॉक्सीशी कोणत्या रीतीने बोलतो त्याची नावे आहेत.

रीतीचा निर्णय सोपा आहे. १९९६ मध्ये प्रमाणित झालेला सॉक्स ५ ब्राउझरखेरीज संगणकातील इतर प्रोग्रॅमचीही वाहतूक नेतो, पण आपल्याला फक्त पाने पाहायची आहेत. शिवाय फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये सॉक्ससाठी नाव व पासवर्ड भरण्याची सोय नाही. आपण एचटीटीपी प्रॉक्सीच घ्यावा.

पत्त्याच्या बाबतीत मात्र थोडा विचार हवा. डेटासेंटरचे, म्हणजे सर्व्हर ठेवणाऱ्या कंपन्यांचे, पत्ते स्वस्त आणि वेगवान असतात, पण आरक्षणाची मोठी संकेतस्थळे ते बहुधा ओळखतात आणि कॅप्चा, म्हणजे आपण माणूसच आहात हे पटवण्याची चाचणी, पुढे करतात. रेसिडेन्शियल पत्ते खऱ्या घरांतील जोडण्यांचे असल्याने सहसा अडत नाहीत. त्यांचे पैसे बहुधा वापरलेल्या जीबीवर मोजले जातात, आणि आपल्याला आठवड्यातून चार-पाच पाने पाहायची असतील तर तो खर्च फार होऊ नये. परंतु काही सेवांमध्ये ही घरे फुकट ॲपच्या आडून, घरमालकाला धड कल्पना न देता जोडलेली असतात. म्हणून संमती कशी घेतली जाते हे विक्रेत्याला आधी विचारावे आणि उत्तर गोलमोल आले तर तो सौदा सोडावा. माझे मत विचाराल तर आधी इंग्लंडमधील एक डेटासेंटर पत्ता महिनाभर घ्यावा, आणि तो अडला तरच पुढे जावे.

फुकटचा प्रॉक्सी घेऊ नये. एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक रूपात येणाऱ्या, पानाचा मजकूर प्रॉक्सीला वाचता येत नाही, पण आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे त्याला कळते. आणि त्याने दिलेले प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरे असल्याचे ब्राउझरला पटवणारी फाइल) आपण संगणकात बसवले, तर मजकूरही त्याच्यापुढे उघडा पडू शकतो. तसे प्रमाणपत्र कोणी सांगितले तरी बसवू नये.

प्रॉक्सी केवळ फायरफॉक्समध्ये लावावा आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्या ब्राउझरमध्ये करावेत, कारण फायरफॉक्सला स्वतःची वेगळी प्रॉक्सी सेटिंग देता येते, तर क्रोम सामान्यतः संगणकाचीच प्रॉक्सी सेटिंग वापरतो. दर पाहताना खात्यातून बाहेर पडून खासगी खिडकी उघडावी आणि चलन पौंड निवडावे. अन्यथा पत्ता लंडनचा असूनही जुन्या कुकीजमुळे, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदींमुळे, आपल्याला पेडण्याचेच दर दिसू शकतील.